काउंटेसबाईंची हिरवी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे आणि माणसांविषयी माझे मत काही फारसे चांगले नाही. तुम्ही लहान आहात, म्हणून तुम्हाला तूर्त सूट.

माझा जन्म पॅरिसचा. अक्रोडाचे लाकूड, वर हिरवी मखमल. मला घडवून घेतले काउंटेस क्लोतिल्दबाईंनी. उमराव घराण्यातल्या या बाई लवकर विधवा झाल्या. दर गुरुवारी त्यांच्या दिवाणखान्यात लेखक जमत. जो नवे लिखाण वाचेल त्याने माझ्यावर बसायचे आणि बाकीच्यांनी गप्प राहायचे, हा बाईंचा नियम. किती नामवंत बसले माझ्यावर! निम्म्यांना लिहिता येत नव्हते, जेवता मात्र सगळ्यांना येत होते. बाईंच्या घरचे बदक हादडायचे आणि जिना उतरताना बाईंचीच टिंगल करायची. असले ते थोर साहित्यिक!

बाई स्वतःही लिहीत. एका गुरुवारी धीर करून त्या माझ्यावर बसल्या, अगदी कडेला टेकून. दुसऱ्या पानावरच एका कवीने जांभई दिली. "बाईसाहेब, कपातलं चॉकलेट गार झालंय. जरा गरम करायला सांगता?" सगळे हसले. बाई उठल्या, चॉकलेट गरम करायला सांगून आल्या आणि पुन्हा कधीच माझ्यावर बसल्या नाहीत. त्या वारल्यावर तेच लोक म्हणाले, "सरबराई मात्र उत्तम करायच्या."

पुढे त्यांची पणती मला बोटीने न्यूझीलंडला घेऊन आली. तिच्यामागे घर मोडले आणि मी तिथल्या ओटाहुहू नावाच्या उपनगरात, एका जुन्या सामानाच्या दुकानात, बिघडलेल्या वॉशिंग मशीनशेजारी येऊन पडले. तिथून मला कल्याणीने जवळच बॉटनी डाउन्सला, आपल्या घरी आणले.

कल्याणी पुण्याची. तिचा नवरा विश्वनाथ घरी दर महिन्याला मराठी मंडळींचा साहित्यकट्टा भरवतो. मी भारदस्त दिसते, म्हणून वाचणाऱ्याला माझ्यावर बसवतात. मला वाटले, दिवस पालटले. कसले पालटतात! आधी पाहुण्यांची ओळख, मग शाल आणि नारळ. शाल मागच्याच पाहुण्याची, तो इथेच विसरून गेला ती. मग चंद्रशेखररावांच्या कविता. हे टौरंगाहून अडीच तास गाडी हाणत येतात आणि तेवढाच वेळ वाचतात. कल्याणी आत बटाटेवडे तळते. तीही लिहिते. घरी कोणी नसले की माझ्यावर बसून मोबाइलवरून मोठ्याने वाचून बघते. चांगले लिहिते. हे मी सहजासहजी म्हणत नाही.

गेल्या शनिवारी चंद्रशेखररावांच्या कविता एकदाच्या संपल्या. विश्वनाथ आभार मानायला उठणार, इतक्यात कल्याणी हात पुसत बाहेर आली आणि सरळ माझ्यावर बसली.

"मी एक गोष्ट लिहिलीये. वाचते."

तीही अगदी कडेला टेकली होती. ते टेकणे माझ्या चांगल्या ओळखीचे. थोडे वाचून होते न होते तोच चंद्रशेखरराव म्हणाले, "स्टोरी मस्त आहे हं वहिनी, पण चहाचं काय? मला परत ड्राइव्ह करायचंय."

दोघे-तिघे हसले. आता ही उठणार, या भीतीने माझे सांधे करकरले.

"चहा किचनमध्ये आहे, भाऊजी," कल्याणी जागची न हलता म्हणाली. "गाळून सगळ्यांना आणा."

चंद्रशेखररावांना गाळणे काही सापडले नाही. कल्याणीने गोष्ट शेवटपर्यंत वाचली.

मित्रांनो, माझी मखमल विटली तरी चालेल, पॉलिशही नको. फक्त माझ्यावर बसून कोणी वाचू लागले तर तोंड मिटून ऐका आणि तहान लागली तर स्वतः उठा. क्लोतिल्दबाईंची गोष्ट दुसऱ्या पानावरच राहिली. पुढे त्यात काय होते, ते मला अजून कळलेले नाही.