उपदेशकांचं कुंपण

रिहे गावातल्या शांतवन उपदेशकांच्या मंडळीत मोजून चार ख्रिस्ती घरं. पण रविवारी ते असे गरजत, जणू सारं मुळशी खोरं समोर बसलंय. उपदेश ठरलेला. घरात बायकोनं नवऱ्याचं ऐकावं, मंडळीत सगळ्यांनी उपदेशकाचं आणि गावात सरकारचं. अधिकार देवाकडून येतो, कुरकुर करायची नाही. एवढं सांगताना ते आपल्या बायकोकडे, रत्नाबाईंकडे, हमखास बघत.

साठ सालच्या सुमारास पंचायतीत बाईमाणूस घेणं भाग पडलं. पाटलांच्या बायका चावडीत बसायला तयार होईनात. वाचता येणारी आणि वर गप्प बसणारी अशी एकच बाई सरपंच हैबतरावांना सुचली. उपदेशक खूश झाले. बायको मान डोलावणार, वजन आपलं पडणार. त्या भरात त्यांनी प्रार्थनाघरालगतच्या पाणवठ्याच्या वाटेवर निवडुंगाचं कुंपण घातलं. अंगण ऐसपैस झालं, बायका मात्र हंडे घेऊन ओढ्याकडून वळसा घालू लागल्या. रत्नाबाईही त्यांच्यातच होत्या, हे उपदेशकांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

पंधरा दिवसांनी पंचायतीचा कागद आला, आठ दिवसांत वाट मोकळी करा. ठराव मांडणाऱ्या होत्या रत्नाबाई. सरपंचांच्या घरचं पाणीही त्याच वाटेनं येई, त्यामुळे तो बिनबोभाट मंजूर झाला होता.

उपदेशकांचं पित्त खवळलं. नवऱ्याची आज्ञा आहे, ठराव मागं घे, असं त्यांनी बजावलं. रत्नाबाई भाकरी थापत होत्या.

"घरात तुमचंच ऐकते की. कालवण काय करू, सांगा," त्या म्हणाल्या. "पर ठराव सरकारचा हाय. त्यो माझ्यानं मोडायचा न्हाई."

त्या रविवारी उपदेशकांना अचानक पवित्र शास्त्रातलं दुसरंच वचन सापडलं. सरकार चुकलं, तर माणसापेक्षा देवाचं ऐकावं. आवाज नेहमीपेक्षा चढा होता. म्हातारी साळूबाई सगळं शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, "म्हंजी कुंपान देवानं घातलं व्हय?"

मंडळीत कोणी हसलं नाही, हेच उपदेशकांना जास्त लागलं.

सोमवारी त्यांनी स्वतःच्या हातानं निवडुंग उपटला. अख्खा पाणवठा बघत होता. संध्याकाळी रत्नाबाई अंगणात सुई घेऊन त्यांच्या तळहातातले काटे काढायला बसल्या. पहिल्याच काट्याला ते कण्हले.

"कुरकुर करायची न्हाई," रत्नाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या काट्याला सुई लावली.