सहाच्या खणातला तीन

पत्रकार मुलगी तिसऱ्यांदा आली तेव्हा एके काळी छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या म्हाताऱ्या जुळाऱ्याने दार उघडलं, पण अर्धंच.

"नाही म्हटलं की नाही," तो म्हणाला. "त्याचा दुसरा अर्थ निघत नाही."

"अहो, आधी आत तर घ्या त्यांना," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "नकार काय, बसूनही देता येतो."

आज मुलीबरोबर पन्नाशीतली एक बाई होती. गळ्यात मोजपट्टी, पदराला दोन टाचण्या. दुकान उघडं टाकून आलेली शिंपीण. ती बसली नाही, भिंतीला टेकून उभी राहिली.

मुलगी एका दैनिकात होती. गावाच्या इतिहासातल्या फारशा ठाऊक नसलेल्या गोष्टी ती दर रविवारी लिहायची आणि आजचा मजकूर चार वाजेपर्यंत जायला हवा होता. दैनिकाच्या तळघरातल्या जुन्या फायलींत तिला दोन अंक सापडले होते. गावात सगळ्यांना एवढंच माहीत होतं, की बावन्न वर्षांपूर्वी नदीचा बंधारा फुटला, खालची वस्ती वाहून गेली, आणि नगरपालिकेच्या दूरदृष्टीमुळे एकही माणूस दगावला नाही. ती दूरदृष्टी कुठून आली, हे त्या दोन अंकांत होतं.

पालिकेची सूचना साधी होती. बंधाऱ्याची दुरुस्ती करायची आहे, सबब खालच्या वस्तीने तारीख ६ रोजी सूर्यास्तापूर्वी घरे रिकामी करावीत. तीन तारखेच्या अंकात ती छापून आली, आणि त्यात ६ च्या जागी ३ होता. म्हणजे आजच. लोकांनी पालिकेचा आणि छापखान्याचा उद्धार करत गाठोडी बांधली आणि संध्याकाळपर्यंत टेकडीवरची शाळा गाठली. चार तारखेच्या अंकात दुरुस्ती आली. पेपरवाला ती वाटत असतानाच, सकाळी साडेसातला, बंधारा फुटला.

ही दुरुस्ती जुळवणं हे जुळाऱ्याचं त्या छापखान्यातलं शेवटचं काम. आदल्या दुपारी पालिकेचा साहेब ओरडून गेला होता. मालकाने जुळाऱ्याला बोलावून सांगितलं, चूक दुरुस्त कर आणि घरी जा. त्याने दोन्ही केलं. पुढची तीस वर्षं दुसऱ्या गावच्या छापखान्यात काढली आणि निवृत्त झाल्यावर परत आला.

"काका, तुमच्यामुळे एकशे अठ्ठावीस घरं वाचली," मुलगी म्हणाली.

"घर एकही वाचलं नाही. माणसं वाचली. नीट लिहायला शिक."

"बरं, माणसं. तुम्हाला धोक्याची काही चाहूल..."

"कसली चाहूल आणि कसलं काय. छपाईचा खिळा उलटा कोरलेला असतो, कागदावर सुलटा उमटावा म्हणून. त्यामुळे हातात धरला की तीन सहासारखा दिसतो आणि सहा तीनसारखा. नव्या माणसाला हे पहिल्या दिवशी शिकवतात. मी अकरा वर्षांचा जुना. आदल्या दिवशीचं जुळवलेलं पान सुटं करून खिळे आपापल्या खणांत परत टाकले, तेव्हा एक तीन सहाच्या खणात पडला. टाकणारा मीच. दुसऱ्या दिवशी न बघता उचलला, तोही मीच. मुद्रितं तपासणारा रजेवर होता, पण ती काही सबब नाही."

"पण त्या चुकीने..."

"त्या चुकीने चांगलं झालं, हे नशीब. ते माझं काम नव्हे. पुढे तीस वर्षांत माझ्या हातून एक आकडा चुकला नाही, त्यावर कुणी लिहीत नाही. एकदा चूक छापली, आता पुन्हा छापायची? आणि वर कौतुक करून?"

बायको पाणी घेऊन आली. "मी पन्नास वर्षं हेच सांगतेय, यांच्या डोक्यात शिरत नाही," ती शिंपिणीला म्हणाली. "हातून पुण्य घडलं तरी आधी व्याकरण तपासतील."

शिंपिणीने पेला घेतला, पण प्यायली नाही.

"काका, मी कौतुक करायला नाही आले," ती म्हणाली. "आईने पाठवलंय. तिला आता चालवत नाही."

"बरं."

"मी चार तारखेला पहाटे जन्मले, टेकडीवरच्या शाळेत. आदल्या दिवशी आई नऊ महिन्यांचं पोट घेऊन चढण चढली. डोक्यावर ट्रंक. बाबा फिरतीवर. वाटेत तीनदा बसली आणि तिन्ही वेळा तुम्हाला शिव्या घातल्या. म्हणाली, हे छापणाऱ्याचे हात झडोत."

म्हाताऱ्याने आपले हात मांडीवरून उचलून बाजूला ठेवले.

"या मुलीच्या चौकशीवरून तिला आता कळलं, की छापणारा माणूस जिवंत आहे, याच गावात आहे, आणि त्याच दिवशी त्याची नोकरी गेली. चार दिवस तिच्या घशाखाली घास उतरत नाही. तिला वाटतं, आपलीच वाणी लागली. ती म्हणते, माझं ते बोलणं मागे घे. ज्यावरून बोलले तिथेच मागे घे, पेपरात."

"हे तू आधी का नाही सांगितलंस?" म्हाताऱ्याने मुलीला विचारलं.

"मला आज सकाळीच कळलं."

"म्हणजे ही दुरुस्ती आहे."

"म्हटलं तर दुरुस्तीच."

"म्हटलं तर कशाला? दुरुस्तीच आहे. कुणी आपली चूक दुरुस्त करायला आलं, तर नाही म्हणता येत नाही. आमच्याकडे तसा नियम होता." त्याने हात पुढे केला. "कागद आण. काय लिहिलंयस बघू."

मुलीने मजकूर दिला. त्याने खिशातली पेन्सिल काढली. "द्रष्ट्या जुळाऱ्याने" वर काट मारून "जुळाऱ्याने" एवढंच ठेवलं. "चुकीमुळे वस्ती वाचली" होतं, ते "चुकून माणसे वाचली" केलं. आईची दुरुस्ती स्वतः लिहून खाली जोडली: त्या दिवशी छापणाऱ्यास उद्देशून काढलेले उद्गार मागे घेण्यात येत आहेत. मग शेवटच्या ओळीवर पेन्सिल थांबली.

"'एकशे अठ्ठावीस घरे त्यांची ऋणी आहेत.' सगळ्यांना विचारलं?"

मुलीने शिंपिणीकडे पाहिलं. शिंपिणीने पिशवीतून मापं लिहायची वही काढली.

"एक्क्याण्णव," ती म्हणाली. "चार दिवस तेवढंच करतेय. जे इथे आहेत त्यांच्या दारात गेले, बाकीच्यांना फोन लावले. सदतीस घरांचा पत्ता लागत नाही. ज्यांचा लागला, त्यांनी नावं दिली. ज्यांना लिहिता येतं त्यांनी स्वतः लिहिली."

"मग एक्क्याण्णव लिहायला हवं," तो म्हणाला, आणि आकडा बदलला. बदललेला आकडा दोनदा वाचला.

मग त्याने वही मागून घेतली. तिच्यात कमरेच्या आणि बाह्यांच्या मापांमध्ये नावं होती, वेगवेगळ्या अक्षरांत. काही नावांपुढे त्या दिवशी घरात किती माणसं होती तेही लिहिलेलं: सात, चार, अकरा. बायकोने चष्मा आणून दिला. तो खिडकीजवळ सरकला, पेन्सिलीचं टोक पहिल्या नावाखाली धरलं, आणि मुद्रितं वाचतात तसं एकेक नाव, एकेक आकडा हळू आवाजात वाचू लागला. शिंपीण आता खाली बसली होती.

चार वाजून गेले. मुलीने ऑफिसला फोन केला आणि सांगितलं, जागा ठेवा, मजकूर अजून तपासला जातोय.