खालून काळाच दिसतो

आमच्या डोमिनिकाच्या झेंड्यावर पोपट आहे. बाकीच्या देशांनी सिंह घेतले, गरुड घेतले, कुणी तलवारी घेतल्या. आम्ही पोपट घेतला, आणि तोही असा की शंभरातल्या नव्व्याण्णव जणांनी तो फक्त झेंड्यावरच पाहिलेला. सिसेरू त्याचं नाव. आमच्या बेटाबाहेर तो कुठेच नाही आणि बेटावरही आता मोजकेच उरलेत. त्या नव्व्याण्णवात मीही होतो. पण लोक मला ‘सिसेरूवाला अल्सीद’ म्हणून ओळखत, कारण सव्वीस वर्षांपूर्वी मी एक लोणकढी थाप मारली होती.

त्याला कारण युडोरा. ती दियाब्लोतँ डोंगराच्या पायथ्याची, घरातले सगळे रानात फिरणारे. मी किनाऱ्यावरचा, मासळीवाल्याचा पोरगा. रानात शिरलो की पन्नास पावलांत वाट चुकणारा. मागणी घालायला गेलो तेव्हा तिच्या बापाने विचारलं, रानातलं काही ठाऊक आहे का. मी म्हणालो, परवाच सिसेरू पाहिला, दहा हातांवर. फांदीवर ताठ उभा होता, मान एका बाजूला, छाती जांभळी लखलखत होती. म्हणजे झेंड्यावर असतो तसाच. दुसरा मला कुठून माहीत असणार? म्हातारा खूश झाला. लग्न झालं.

खोटं बोलावं पण रेटून बोलावं म्हणतात. मी इतकं रेटलं की त्याच्यावर पोट भरायला लागलो. पर्यटकांना डोंगरावर न्यायचं, हिरवे झाको पोपट कलकलाट करत गेले की ते दाखवायचे, आणि मग मोकळ्या आभाळाकडे बोट करून ओरडायचं, ‘तो गेला सिसेरू, चुकलात!’ दर नोव्हेंबरात, स्वातंत्र्यदिनाला, शाळेत माझं भाषण असायचं. दरवर्षी पोपट चार बोटं मोठा व्हायचा आणि वीतभर जवळ यायचा. शेवटी शेवटी तो माझ्या खांद्यावर बसायचाच काय तो बाकी होता.

युडोराचा धाकटा भाऊ जेर्व्हे या सगळ्या भाषणांना मागच्या भिंतीला टेकून उभा असे. टाळ्याही वाजवी. अबोल माणूस, होड्या कोरणारा. त्याची स्वतःची होडी मोठ्या वादळात फुटली, तेव्हापासून दुसऱ्यांच्या होडीवर राबत होता. दोन वर्षं शोधून त्याने एक गोम्येचं झाड हेरलं होतं. होडी गोम्येच्याच बुंध्यातून कोरायची, आणि तो पाडायचा पौर्णिमेनंतर, चंद्र उतरणीला लागल्यावर. नाहीतर लाकडाला कीड लागते. मार्चची पौर्णिमा सोमवारी होती. गुरुवारी कुऱ्हाड पडणार होती.

मंगळवारी सकाळी युडोराने मला अळकुड्या खणायला वर पाठवलं. खणून दमलो आणि नेमका त्याच झाडाखाली, जेर्व्हेने खूण केलेल्या बुंध्याला टेकून, खारवलेला मासा आणि पाव काढून बसलो. पहिला घास घेतला आणि टोपीवर काहीतरी पडलं. लाकडाचा भुसा. झटकला. पुन्हा पडलं, आणि या खेपेला तो भुसा नव्हता. मी टोपी काढून शिव्या घालत वर पाहिलं. वर काळी कोंबडी बसली होती.

खरंच सांगतो, मला कोंबडी वाटली. मनात म्हटलं, ही एवढी मोठी कोंबडी एवढ्या उंचावर कुणाची चढली? मग ती जरा उन्हात सरकली आणि तिच्या छातीवर जांभळा रंग आला, जरासाच. एक डोळा माझ्याकडे करून तिने मला न्याहाळलं. मी काही बघण्यासारखा नाही असं ठरवून तिने माझ्याकडे पाठ फिरवली आणि ती झाडाच्या ढोलीत शिरली. थोड्या वेळाने दुसरा आला, त्याने आत चोच घातली. जोडी होती. घरटं होतं.

मला रडू आलं. सांगायला लाज वाटत नाही. म्हणजे वाटते, पण सांगतो. सव्वीस वर्षं ज्याच्या जिवावर जगलो तो असा माझ्या टोपीवर शिटून गेला, आणि परवा ते झाड पडणार होतं.

आली का पंचाईत! वनखात्यात जाऊन सांगावं, तर तिथे माझ्या खोट्या बातम्यांची अकरा पत्रं पडलेली. बारावं कोण उघडणार? युडोराला सांगितलं तर ती म्हणाली, टोपी धुवायला टाक. उरला जेर्व्हे. तो किनाऱ्यावर बदामाच्या झाडाखाली कुऱ्हाडीला धार लावत बसला होता. मी धापा टाकत पोहोचलो आणि म्हणालो, झाड पाडू नकोस, त्यात सिसेरूचं घरटं आहे.

त्याने मान वर केली नाही. “कितवा हा, दाजी?”

पाणी डोक्यावरून गेलं होतं. मागे जायला जागा नव्हती.

“पहिला,” मी म्हणालो.

धार थांबली. मग मी सगळंच ओकलो. तुझ्या बापाला थाप मारली, पर्यटकांना मारली, पोरांना मारली, उभ्या आयुष्यात आजवर मी सिसेरू पाहिला नव्हता. आज पाहिला. तू मला काहीही म्हण, पण गुरुवारी कुऱ्हाड उचलू नकोस. तो ऐकत होता. मग दगड बाजूला ठेवून त्याने एवढंच विचारलं, “रंग कुठला होता?”

इथे मी घोटाळलो. जांभळा म्हणावं, तर झेंड्यावर तोच, शाळेच्या भिंतीवर तोच, माझ्या भाषणात तोच. काळा म्हणावं, तर हा हसेल. पण खोटं बोलायची ताकदच उरली नव्हती.

“काळा,” मी म्हणालो. “आधी मला कोंबडी वाटली. नंतर उन्हात जरा जांभळा झाला. आणि माझ्या टोपीवर शिटला.”

जेर्व्हेने कुऱ्हाड खाली ठेवली. मग म्हणाला, “रानाच्या सावलीत खालून काळाच दिसतो. मी चारदा पाहिलाय. तुम्ही घरी येऊन बाबांना जांभळा लखलखीत म्हणून सांगितलंत ना, त्याच्या आदल्याच आठवड्यात पहिल्यांदा पाहिला होता.”

म्हणजे इतकी वर्षं भिंतीला टेकून हा टाळ्या वाजवत होता तो सगळं माहीत असून! मी विचारलं, मग बोलला का नाहीस?

“ताई खुशीत होती,” तो म्हणाला.

त्याने कुऱ्हाडीच्या पात्याला फडकं गुंडाळलं. दोन वर्षं शोधलेलं झाड त्याने एका शब्दात सोडलं, मला बाजूला घेऊन उपदेशही केला नाही. अटी मात्र दोन घातल्या. दुसरं गोम्ये दोन डोंगर पलीकडे आहे. कोरलेला बुंधा गाव दोरांनी ओढून खाली आणेल, तेव्हा पहिला दोर माझ्या खांद्यावर. आणि नोव्हेंबरात शाळेत खरं सांगायचं.

पहिली अट मे महिन्यात फिटली. गाव गाणी म्हणत होतं, रम पीत होतं, आणि मी पुढे बैलासारखा वाकलो होतो. खांद्याची सालं गेली. दुसरी अट त्याहून जड होती.

नोव्हेंबरात पोरंपोरी मद्रास नावाच्या चौकडीच्या कापडाचे सणाचे कपडे घालून नटून बसली होती. पहिल्या रांगेत युडोरा. मी उभा राहिलो आणि सांगितलं: मी खोटारडा आहे. मार्चपर्यंत मी सिसेरू पाहिला नव्हता. मग टोपीसकट सगळं सांगितलं. पोरं हसून लोळली. युडोरा हसली नाही. ती माझ्याकडे एकटक बघत होती आणि मला तिच्याकडे बघवेना. एका मुलीने हात वर केला, मग तो कसा दिसतो? मी म्हणालो, काळा.

मुख्याध्यापिकाबाई घाईने उठल्या. मुलांनो, मिस्टर अल्सीद आता थकलेत, त्यांना नीट दिसत नसेल; सिसेरू जांभळा असतो, झेंड्यावर बघा. सगळ्यांनी झेंड्याकडे पाहिलं. जांभळा होता. जन्मात पहिल्यांदा चारचौघांत खरं बोललो आणि तिथेच खोटा ठरलो. खाली बसायला निघालो.

तेवढ्यात मागच्या भिंतीपासून जेर्व्हे पुढे आला. ज्याला कधी लग्नातही दोन शब्द बोलताना कुणी ऐकलं नव्हतं, तो सगळ्या शाळेपुढे उभा राहिला. टोपी हातात चुरगळत होता.

“काळाच दिसतो,” तो म्हणाला. “दाजी खरं सांगतायत. मी पाहिलाय.”

युडोराने मान वळवून आधी भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. मी तिथे जाऊन बसलो. जेर्व्हे मागून येऊन मे महिन्यात दोराने सोललेल्या माझ्या खांद्यावर हात ठेवून कानात म्हणाला, “पुढच्या वर्षी यात भर घालू नका.”