तांब्याचे पान

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. वरून काळा, ओबडधोबड. पण फुटलेल्या बाजूने पाहाल, तर आत पांढऱ्या स्फटिकांची दाटी दिसेल आणि त्यांच्यामध्ये नखाएवढे लालसर तांब्याचे पान. त्या पानापायी एका माणसाची तीन वर्षे गेली. ती गोष्ट सांगायला आता मी एकटाच उरलो आहे.

माझा जन्म आगीतला. कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या या मावळावर लाव्हा पसरला. निवताना त्यात वाफेचे बुडबुडे अडकले. असाच एक बुडबुडा म्हणजे माझी पोकळी. पुढे पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरले आणि खालच्या उष्णतेने तापले. गरम पाणी रिकाम्या हाताने कधी जात नाही. वाटेतल्या खडकातून ते कण कण विरघळवून नेते, क्षार नेते, कधी धातूही नेते, आणि जिथे निवते तिथे ओझे उतरवते. माझ्या पोकळीत त्याने स्फटिक मांडले, चिमूटभर तांबे ठेवले, आणि एक दिवस ते यायचे थांबले. मग नुसता काळोख. माझ्यासारख्या कितीतरी पोकळ्या त्याच कातळात होत्या, पण एकीला दुसरीची खबर नव्हती.

मला उजेड दाखवला तो ताजुद्दीनने. लोणावळ्याजवळ धरणाची भिंत बांधायचे काम चालू होते. साल असेल एकोणीसशे चौदा. ताजुद्दीन तिथल्या खाणीत सुरुंग लावायचा. बारा वर्षांच्या धडाक्यांनी त्याचे कान गेले होते, पण ते त्याने कुणाला कळू दिले नव्हते. त्या दिवशी बत्ती दिल्यावर शिट्टी झाली, सगळे पळाले, हा मात्र पाठमोरा उभाच. भिमाजी मुकादमाने झेप घेऊन त्याला आडोशाला ओढले. धूर विरला तेव्हा मी त्याच्या पायाशी फुटून पडलो होतो.

भिमाजी रडवेला झाला होता. "ताजूभाऊ, तुला ऐकू येत न्हाई. उद्यापासनं येऊ नगंस. मरशील रं!"

ताजुद्दीनला शब्द कळले नाहीत, हाताची खूण कळली. तो खाली वाकला, मला उचलले आणि घरी गेला.

बाजारातल्या तांबटाने माझे पान घासून पाहिले आणि मान डोलावली. तांबे खरे होते. खोटे असते तर बरे झाले असते.

दुसऱ्याच दिवशी ताजुद्दीनने डोंगराच्या अंगाला खड्डा खणायला घेतला. आत तांब्याची मोठी शीर असणार, अशी त्याची खात्री होती. मला तो कडेच्या धोंड्यावर ठेवायचा आणि खणता खणता माझ्याशी बोलायचा. वाटेने जाणारे हसायचे. ते त्याला ऐकू येत नव्हते, मला येत होते.

त्याची बायको अकबरी रोज भाकरी घेऊन चढण चढायची. तिसऱ्या उन्हाळ्यात ती म्हणाली, "आवो, दगडासंगं बोलता, माज्यासंगं का न्हाई? मी चालले सुदुंबऱ्याला, भावाकडं." तो पाठमोरा होता. तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग भाकरीचे गाठोडे माझ्याशेजारी ठेवून ती उतरून गेली. मित्रांनो, मला तोंड असते तर मी तेव्हा ओरडलो असतो.

त्यानंतर पुण्याच्या कॉलेजातले एक मास्तर मुलांना घेऊन डोंगर पाहायला आले. त्यांनी मला हातात धरले आणि खड्ड्याकडे पाहिले. ताजुद्दीनला ऐकू येत नाही हे त्यांनी लगेच ओळखले. मुलांचे चहाचे जुने भांडे मागवून त्यांनी आतला पांढरा थर नखाने खरवडून दाखवला. पाणी उकळते, जाते. त्यातले क्षार मागे राहतात. ताजुद्दीनने मान हलवली.

मग मास्तरांनी त्याच्या शिदोरीतले मीठ मागितले. एक चिमूट झाडाच्या पानावर ढीग करून ठेवली. काठीने जमिनीवर एक लांब भेग काढून तिचे टोक त्या ढिगाला जोडले. जिथे गरम पाणी एकाच वाटेने लाखभर वर्षे वाहते, तिथे धातूची खाण होते. दुसरी चिमूट त्यांनी मूठ उघडून सगळ्या उतारावर भिरकावली आणि खूण केली, वेचा.

ताजुद्दीन खरोखर गुडघ्यांवर बसला. मातीत बोटे फिरवली. एक खडा सापडला, दुसरा नाही. मुलांपैकी कुणीही हसले नाही.

गुरे पडू नयेत म्हणून त्याने आठ दिवस खपून खड्डा बुजवला. मग अकबरी भावाकडेच गेली असणार हे ओळखून मला कमरेला बांधून दीड दिवस चालत सुदुंबरे गाठले. अकबरी भावाच्या शेतात भुईमूग उपटत होती. तो बांधावरूनच मोठ्याने बोलला, "तांबं हाय, अकबरी. पन येचण्याजोगं न्हाई."

ती समोर येऊन काहीतरी म्हणाली. त्याला कळले नाही. ती पुन्हा म्हणाली. तरी नाही. मग तिने मातीच्या हातांनी त्याचा चेहरा धरला आणि ओठ सावकाश हलवत तिसऱ्यांदा म्हणाली, "हितंच ऱ्हावा."

तो राहिला. गावोगाव शेतांचे बांध रचत त्याने पुढची चोवीस वर्षे काढली. ती दोघेही आता नाहीत. घर बंद आहे, आणि मी कोनाड्यात आहे. पुन्हा काळोख आहे. पण पूर्वी सोबत म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हते, आता ठाऊक आहे, म्हणून हा काळोख अधिक जड वाटतो.

मित्रांनो, माझी आठवण ठेवली नाहीत तरी चालेल. पण तुमच्या गावात कुणी असा असेल, हाक ऐकू न येणारा, तर त्याला पाठीमागून हसू नका. समोर जा. तुमचे तोंड दिसेल असे उभे राहा. तिसऱ्यांदाही कळले नाही, तर चौथ्यांदा सांगा.