जिभेवरची साखर

टायरच्या दुकानावरचा हॉल खच्चून भरला होता. माइक जवळजवळ गिळूनच पालेबाबा बोलत होता. "पाला चावा, नीट चावा! आता ही चिमूटभर साखर. लागते गोड?"

"नाही!" हॉल ओरडला.

"मग कशी लागते?"

"वाळू!"

"जिभेवरची मेली, ती रक्तातली जगेल होय? फेका त्या इन्सुलिनच्या सुया!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट. माझी ताईही वाजवत होती. तिनेच मला ओढून आणलं होतं. ताई गोळ्यांच्या कारखान्यात पाक चाखते. साखर जराशी कमी पडली तरी तिला कळतं. तिथले साहेब यंत्रापेक्षा तिच्या जिभेवर भरवसा ठेवतात, आणि तीसुद्धा.

"बघ, मला गोड कळलं नाही. मला!" ती म्हणाली. "आता तरी मानशील?"

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. पाला ओळखीचा होता, गुळमार वेलीचा.

"ताई, हा पाला जिभेवरच्या गोड ओळखणाऱ्या जागा झाकतो. तासाभरात त्या मोकळ्या होतात. जुने लोक मधुमेहावर तो देत, त्याचा अभ्यासही चालू आहे. पण लहानसहान चाचण्यांपलीकडे अजून हाती काही नाही. आणि जिभेची गंमत रक्ताला लागू नाही."

खालच्या खानावळीतून मी मीठ आणलं. तिने चाखलं. खारट लागलं; म्हणजे झाकलं गेलं होतं ते फक्त गोड. तिने पिशवीतली पाल्याची पुडी चाचपली, तशी मला शंका आली. तिच्या लेकीला मधुमेह होता.

"पोरीचं इन्सुलिन चालू आहे ना?"

"परवाच बंद केलं. पाला देतेय तिला. सारखी पाणी मागत होती, सकाळी उलट्या झाल्या. बाबा म्हणाले, विष बाहेर पडतंय. आता शांत झोपलीय."

 भाचीच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही आणि ते कुठलाही पाला देऊ शकत नाही. आम्ही धावत घर गाठलं. ती हाकेला ओ देईना. धाप लागलेली, श्वासाला पिकल्या फळासारखा वास.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाल्या, "इन्सुलिनवाचून रक्तात आम्ल साचलंय. फार उशीर केलात." नर्सने ताईला चहा दिला. एक घोट घेऊन तिने पेला खाली ठेवला.

"गोड लागतोय रे," ती म्हणाली आणि भिंतीवर डोकं आपटू लागली.

संध्याकाळी भाची गेली.

पुढच्या आठवड्यात मी त्याच हॉलमध्ये उभा राहून सगळं सांगितलं. पुढे बसलेली एक बाई म्हणाली, "तुमच्या ताईंची श्रद्धा कमी पडली असेल." बाबाने मान डोलावली आणि पाला वाटायला घेतला. मला त्याच्यापेक्षा त्या बाईचा राग आला.

मी फार मागत नाही. पाला चावायचाय तर खुशाल चावा. पण जिभेला विचारू नका, रक्त तपासा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुई बंद करू नका.

हेच मी जिन्यात उभा राहून सांगत होतो. एक आई लेकीला खांद्यावर घेऊन वर येत होती. पोरीचे ओठ सुकले होते.

"हिचं रक्त तपासलंत का?" मी वाट अडवली.

"सरका हो बाजूला," ती म्हणाली. "नंबर जाईल आमचा."