सात नंबर

डोळ्यांत तेल घालून बघ, असं सांगणाऱ्यांचं काय जातं! सहा दिवस मायक्रोस्कोपला डोळे लावून बसलं की तेलही संपतं. प्रयोगशाळेतल्या बाईंचं तेच झालं होतं.

जंगलात पकडलेल्या अकरा हरणी दुसऱ्या जंगलात सोडायच्या होत्या. गोचीड चावून जिच्या रक्तात परजीवी शिरलेत, तिला मात्र सुई देऊन संपवायचं, असा हुकूम होता. नाहीतर तिकडचा कळपच आजारी पडला असता. हरणींच्या कुंपणावर राखणीला होता बाईंचा थोरला भाऊ. दोन महिने त्याने त्यांना हाताने चारा घातला होता. "नीट बघ गं," सकाळी तो काकुळतीने म्हणाला होता, "लेकींसारख्या झाल्यात मला."

हरणींच्या रक्ताच्या अकरा काचांपैकी सात काचांवर तांबड्या पेशींत जांभळे ठिपके दिसले. बाईंनी डॉक्टरांना त्या सात हरणींचे नंबर कळवले आणि सुटले बाबा एकदाची, म्हणत उठल्या.

बाईंची एक पद्धत होती. दर खेपेला स्वतःच्या बोटाला टोचून एक काच करायची, हरणींच्या काचा ज्या रंगात बुडवायच्या त्याच रंगात बुडवायची आणि सगळ्यात आधी तीच बघायची. आपलं रक्त स्वच्छ दिसलं, की रंग चांगला. आज कंटाळ्याने ती बघायची राहिली होती. आवरता आवरता त्यांनी ती मायक्रोस्कोपखाली सरकवली. तिच्यावरही तेच ठिपके!

"अगं बाई, मेले!" बाईंनी रंगाची बाटली उजेडाकडे धरली. परजीवी कसले डोंबलाचे, रंगाचा गाळ तो! सकाळी रंग गाळून घ्यायचाही आळस केला होता.

त्यांनी भावाला फोन लावला. "दादा, डॉक्टरांना थांबव! माझी चूक झाली."

"दोघींना दिली गं सुई," दादा म्हणाला. मग तो ओरडत धावल्याचं फोनमध्ये ऐकू आलं.

रंग गाळून बाईंनी नळ्यांत उरलेल्या रक्ताच्या सगळ्या काचा नव्याने केल्या. या वेळी आधी स्वतःची बघितली, मग एकही सोडली नाही. दोन तासांनी त्यांनी फोन लावला.

"उरलेल्या पाचही चांगल्या आहेत, दादा."

"सुटलो गं!" तो म्हणाला. मग हळूच, "आणि त्या दोघी? त्या तरी आजारी होत्या ना? मान मीच धरली होती त्यांची."

हो म्हणायला काय लागतं? कोण तपासायला येणार होतं? आणि बाईंना इतका शीण आला होता की खोटंच सोपं वाटत होतं.

"नाही रे दादा. धडधाकट होत्या."



"खोटं बोलली असतीस," तो म्हणाला, "तर चाललं असतं गं मला."