सवतीचा भुईचाफा

चौपन्न सालच्या थंडीत मुखरूची बायको गुणाबाई वारली आणि जेठात अन्नपूर्णा त्या घरी नांदायला आली. खेडं मूल नावाच्या गावाजवळचं, धानाचं. रिवाजाप्रमाणे तिच्या गळ्यात मेलेल्या सवतीची प्रतिमा उठवलेला चांदीचा टाक बांधला गेला. मेलेल्या सवतीला तहानलेली ठेवू नको, असं आईने बजावूनच धाडलं होतं.

पावसाळ्यात परसातल्या आंब्याखाली, जिथे गवतही धड येत नव्हतं, तिथे रुंद पानं वर आली. हळदीसारखी, पण हिरव्यावर रुपेरी पट्टे. रानहळद समजून अन्नपूर्णा ती उपटायला गेली. शेजारच्या सुगंधाबाईने हात धरला आणि पान उलटून दाखवलं. खालून वांग्यासारखं जांभळं. हळद कसली, हा भुईचाफा, गुणाबाईने जंगलातून आणून सावलीत लावलेला. चैतात पान नसताना नुसत्या जमिनीतून फूल वर येतं, हेही तिने सांगितलं. अन्नपूर्णाच्या अंगावर काटा आला. त्या दिवसापासून वारा नसतानाही ती पानं हलतात, असं तिला वाटायला लागलं.

धान कापून मुखरू बांबूतोडीला गेला आणि इकडे पानं पिवळी पडून मेली. सवत कोपली, दुसरं काय! अन्नपूर्णा पार घाबरली. थंडीभर रोज सकाळी टाकाला कुंकू लावून ती त्या उघड्या मातीवर घागर रिकामी करायची, राग धरू नको बाई म्हणून विनवायची. माती घटाघटा पाणी प्यायची. खाली कोणीतरी आहे याची तिला खात्रीच पटली.

शिमग्याला मुखरू परतला. चैत लागला तसा तो रोज आंब्याखाली वाकून बघायचा. चैत सरत आला तरी जमीन कोरीच. शेवटी त्याने हाताने माती उकरली. गड्डे लिबलिबीत होऊन बोटांत आले, कुजका वास सुटला.

"पानी कोनं घातलं?"

"म्या. बाईले तहान लागू नये म्हून."

"थंडीत ते निजते. कोरडंच ठेवा लागते." त्याने कुजके गड्डे परत मातीत ठेवले. "गुणा मेल्यावरबी चैतात आली होती, या फुलाच्या वासात. आता गुणा कुठून येईन?"

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. पुढल्या थंडीत तो बांबूतोडीला गेला तो परतलाच नाही. अन्नपूर्णा आंब्याखाली बसून सवतीला हाका मारायची, भांडायची, रडायची. एक पान हलत नव्हतं. त्या घरात आता तिच्याशिवाय कोणी म्हणजे कोणीच नव्हतं.